दंगल आधीच रोखता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सण जवळ आले की हे प्रश्न हमखास निघतात. कधी पारावर, कधी शांतता समितीच्या बैठकीत चहा येईपर्यंत. अशा एका समितीवर मी अकरा वर्षं होतो आणि त्याआधी समाजशास्त्र शिकवत होतो. त्यामुळे खालच्या उत्तरांत थोडं पुस्तकातलं आहे, बरंचसं रस्त्यावरचं.

दंगल तर भावनेच्या भरात होते. तिला घरफोडीसारखा प्रतिबंध कसा करणार?

भावना असते, वाद नाही. पण रागावलेल्या हजार माणसांतली दगड मारणारी किती असतात? आणि त्यांनी तो दगड आणला कुठून? बहुतेक वेळा घरून आणलेला नसतो. कुणाच्या तरी अर्धवट बांधकामासमोर पडलेला असतो, हात खाली गेला की मिळतो. गुन्हे प्रतिबंधाचा विचार तिथून सुरू होतो. माणसाच्या मनात काय आहे ते बदलायला पिढी जाते, त्याच्या हाताशी काय आहे ते आज संध्याकाळी बदलता येतं.

गुन्हे प्रतिबंधाचा हा सिद्धांत नेमका सांगतो काय?

१९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी एक साधी गोष्ट मांडली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, सोपं सावज आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. तिन्हींपैकी एक काढून घेतली की गुन्हा टळतो. फेल्सनने पुढे त्यात आणखी एका माणसाची भर घातली: जो सावजाची राखण करत नाही, तर करणाऱ्याला आवरतो. मराठीत त्याला मी 'कान धरणारा' म्हणतो. आई, तालमीतला वस्ताद, मंडळाचा जुना कार्यकर्ता, गल्लीतले चाचा. दंगलीच्या बाबतीत मला ही भर मूळ तीन गोष्टींपेक्षा मोलाची वाटते.

गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी याच विचाराची हत्यारं बनवली. गुन्ह्याचे कष्ट वाढवा, पकडलं जायची भीती वाढवा, फायदा कमी करा, चिथावणी कमी करा आणि सबबी काढून घ्या, अशा पाच वाटा. चिथावणीचा मुद्दा रिचर्ड वोर्टली यांच्या टीकेतून आला. त्यांचं म्हणणं असं की परिस्थिती माणसाला नुसती संधी देत नाही, ती त्याला डिवचतेही. गर्दीसाठी ही दुरुस्ती फार कामाची ठरली.

या पाच वाटा दंगलीत कशा दिसतात?

मिरवणुकीच्या मार्गावरचा राडारोडा उचलणं आणि बाटलीतून सुटं पेट्रोल द्यायला बंदी घालणं म्हणजे कष्ट वाढवणं. चेहरा ओळखणारा हवालदार कोपऱ्यावर उभा करणं म्हणजे भीती वाढवणं. मिरवणुकीच्या अटी लेखी देऊन त्याखाली मंडळाच्या अध्यक्षाची सही घेणं म्हणजे 'आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं' ही सबब काढून घेणं. फायदा कमी करणं मात्र अवघड आहे. दंगलीत पुढे असणाऱ्या पोराला लुटीपेक्षा नाव मिळतं, आणि पुढे कधीकधी तिकीटही. या रोगावर क्लार्कच्या पेटीत औषध नाही.

दंगल हा एक गुन्हा आहे की अनेक?

अनेक. सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबू.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. बहुतेक लोक तिथेच थांबतात, पण खरी गोष्ट पुढच्या ओळीत आहे. पोलीस गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४.

आता डोळे मिटून 'दंगल' हा शब्द मनात आणा. तलवारी नाचवत येणारा मोठा जमाव दिसतो ना? त्या जमावाच्या हल्ल्यात गेलेले ८०, आणि भोसकून मारलेले त्याच्या चौपटीहून अधिक. ते चौकात गोळा झालेल्या हजारोंचं काम नव्हे. भोसकणाऱ्याला हवा असतो अंधार, एकटा माणूस आणि पळायला बोळ. कामावरून परतणारा, दूध आणायला निघालेला, आपली नेहमीची वाट धरून दुसऱ्यांच्या वस्तीतून जाणारा माणूस त्याला सापडतो. अश्रुधुराचा तिथे काय उपयोग? तिथे लागतात दिवे, वस्तीच्या शिवेवर चोवीस तास माणूस आणि स्टेशनपासून घरापर्यंत गटाने जायची सोय. जाळपोळीचं गणित पुन्हा वेगळं: इंधन कुठून आलं, कुणाचं दुकान कुठलं हे कुणी दाखवलं, बंब अडवायला रस्त्यात काय टाकलं होतं.

आणि सगळ्यात मोठा आकडा गोळीबाराचा आहे. 'पोलिसांना एकदा मोकळा हात द्या' असं म्हणणाऱ्याने तो दोनदा वाचावा.

म्हणून 'दंगल कशी थांबवायची?' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. यातला कुठला गुन्हा, कुठल्या गल्लीत, किती वाजता, हे आधी विचारावं लागतं.

महाराष्ट्रात हे कुणी करून दाखवलंय का?

भिवंडीत. यंत्रमागांचं दाटीवाटीचं गाव, निम्मी वस्ती पोटासाठी बाहेरून आलेली. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलेल्या दंगलीची न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटलं आणि भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेवर माणसं गेली. त्यानंतर कुठेही काही झालं की पुढचा नंबर भिवंडीचा, असं धरूनच बंदोबस्त लागायचा.

१९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, साधारण सत्तर. नाव ऐकून वाटतं की शांतता समितीचंच हे दुसरं नाव. तसं नव्हतं. जुन्या शांतता समितीत गावचे पुढारी, नगरसेवक, दोन मौलवी, दोन व्यापारी असतात, आणि ते भेटतात सणाच्या आदल्या आठवड्यात. इथे त्या-त्या वस्तीतली साधी माणसं होती, दोन्ही समाजांची, आणि बैठका वर्षभर. प्रत्येक समितीची जबाबदारी एका शिपायावर. साहेबावर नाही, शिपायावर.

बैठकीत चर्चा एकात्मतेची नसायची. नळाचं पाणी, गटार, भाडेकरूचं भांडण, कुणाच्या पोराने कुणाची छेड काढली. म्हणजे ज्या बारीकसारीक कुरबुरी एरवी कुणी ऐकत नाही आणि ज्यांना दंगलीच्या दिवशी धर्माचा रंग चढतो, त्या. दोन वर्षं हे चालल्यावर शिपायाला वस्ती पाठ झाली आणि वस्तीला शिपाई. फेल्सनच्या भाषेत सांगायचं तर एकाच वेळी राखणदारही तयार झाला आणि कान धरणारेही.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत होती. भिवंडी मुंबईपासून रस्त्याने तासा-दीड तासाची. खोपडे यांच्यानंतर आलेले गुलाबराव पोळ यांनी त्या समित्या चालू ठेवल्या होत्या, आणि भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना केली, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: जिथे दोन समाजांची माणसं संघटनांत, धंद्यात, रोजच्या कामात एकत्र बसतात तिथे अफवेला पाय फुटत नाहीत. ती घडी एरवी पिढ्यान् पिढ्यांत बसते. भिवंडीत ती पोलीस खात्याने चार वर्षांत मुद्दाम बसवली, हे त्यातलं वेगळेपण.

मग २००६ मध्ये भिवंडीत काय झालं?

जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. भिवंडीचं कौतुक करणारे ही गोष्ट सांगायची टाळतात. मला ती टाळावीशी वाटत नाही. मोहल्ला समिती दोन समाजांमधल्या भांडणासाठी घडवलेली होती. इथे भांडण वस्ती आणि पोलीस यांच्यातच होतं, आणि ज्याने मध्यस्थी करायची तोच एक पक्ष झाला होता. शिवाय असं काम एका अधिकाऱ्याच्या हौसेवर चालतं तोवर चालतं. ओळख कागदावर चार्ज देऊन सोपवता येत नाही.

मुंबईत दंगलीनंतर माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. तिथे खात्याबरोबर नागरिकही जबाबदार होते, म्हणून तिचं आयुष्य वाढलं असं माझं मत आहे.

मिरवणुकीच्या मार्गावर नेमकं काय बघायचं?

एक प्रसंग सांगतो. विसर्जनाच्या आठ दिवस आधी आमच्या बीटच्या हवालदारांबरोबर मी मार्गावरून चालत गेलो. बैठकीत मी ऐक्यावर बरंच बोललो होतो, त्याचा थोडा ताठा होता. मशिदीच्या अलीकडे वीस पावलांवर ते थांबले आणि वर बोट केलं. रस्त्यावरून आडवी गेलेली केबलची वायर, तिला ठिकठिकाणी गाठी, मधोमध झोळ.

"सर, दरवर्षी भांडण इथं होतं, या वायरीखाली," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. उंच मूर्तीची ट्रॉली इथे आली की अडते. मग कुणीतरी बांबू आणायला पळतो, एक पोरगा ट्रॉलीवर चढून वायर उचलून धरतो. यात दहा-पंधरा मिनिटं जातात. ढोलवाल्यांना थांबलेलं चालत नाही, ते जागेवरच वाजवतात. मागची मंडळं पुढे रेटतात. गुलाल उडतो, तो वाऱ्याने जाईल तिकडे जातो. आतून नमाजाला आलेली माणसं बाहेर येतात. कुणाच्याही मनात काही नसताना मिरवणूक मशिदीसमोर थांबून वाजवतेय, असं चित्र तयार होतं. समोरच्या गच्चीवर विटांचा ढीग असतो, तोही त्यांनी दाखवला.

वायर वर ओढायला केबलवाल्याला अर्धा तास लागला. विटा घरमालकाने कुरकुरत आत घेतल्या. त्या वर्षी तिथे काहीच झालं नाही, आणि काही झालं नाही याची बातमी होत नसते.

तेव्हापासून माझी यादी अशी: मिरवणूक कुठे-कुठे अडकते, तिथे आजूबाजूला काय पडलंय, गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, दिवे किती वाजता जातात, दारूचं दुकान मार्गापासून किती लांब आहे आणि दोन मंडळांमध्ये अंतर कोण राखणार. फलकांवरचा मजकूरही बघावा, पण ते सगळेच बघतात.

दोन सण एकाच दिवशी आले तर?

याचं सर्वांत चांगलं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस २९ तारखेला ठेवला आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये दोन्ही सण लागून आले, तेव्हाही मुंबईत जुलूस पुढे नेला गेला. चिथावणी कमी करणं म्हणतात ते हेच. त्यासाठी लाठी उगारावी लागत नाही. एवढंच वाटतं की सबुरी दरवेळी एकाच बाजूकडून अपेक्षिली जाऊ नये. कधीतरी उलटही घडायला हवं.

गर्दीला डोकं नसतं म्हणतात. मग तिच्याशी बोलून काय उपयोग?

हे म्हणणं १८९५ मधलं, ग्युस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाचं. गर्दीत शिरला की माणूस विचार गमावतो, असं तो सांगे. जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात ते इतकं मुरलं की तिथे फारसं कुणी तपासलंच नाही. स्टीफन रायशर आणि क्लिफर्ड स्टॉट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. त्यांना दिसलं की गर्दीत माणूस स्वत्व गमावत नाही. 'मी' मागे पडून 'आम्ही' पुढे येतो, आणि या 'आम्ही'ला स्वतःचे नियम असतात. पोलिसांनी सरसकट लाठी चालवली की कालपर्यंत हुल्लडबाजांपासून चार हात लांब राहणारा माणूसही त्यांच्याशेजारी उभा राहतो, कारण मार दोघांनाही बसलेला असतो.

याची परीक्षा पोर्तुगालमध्ये झाली, २००४ च्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेत. इंग्लंडचे पाठीराखे तेव्हा बदनाम होते. सामन्यांच्या शहरांतल्या पोलिसांनी स्टॉट यांच्या सल्ल्याने बंदोबस्त आखला. साध्या गणवेशातले पोलीस जोडीजोडीने गर्दीत फिरत, बोलत, वाट दाखवत. दंगलविरोधी पथक तयार असे, पण नजरेआड. तिथे मोठं काही घडलं नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या आल्बुफेरा गावात मात्र वेगळ्या दलाची हद्द होती, तिथे ही पद्धत नव्हती, आणि तिथे राडा झाला. स्पर्धा तीच होती आणि पाठीराखेही तेच.

आपल्याकडे 'दंगा काबू योजने'ची रंगीत तालीम भर चौकात होते. हेल्मेट, ढाली, टायर पेटवलेला खोटा जमाव. तालीम हवीच, पण ती करायला भर चौकच का लागतो? गुंडांना वचक बसतो, असं सांगतात. माझ्या अनुभवात वचक बसतो तो भाजी घ्यायला आलेल्या बायकांना.

जमावबंदीचा उपयोग होतो का?

पूर्वीचं १४४ कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहेच. चार-सहा तासांचा श्वास मिळवायला ते उपयोगी. महिनोन् महिने चालू ठेवलं की कुणी मनावर घेत नाही.

सणाआधीच्या प्रतिबंधक कारवाईचंही तेच. शांतता राखण्याची हमी लिहून घेणारं कलम, ज्याला पोलीस अजून '१०७' म्हणतात, ते नव्या संहितेत १२६ आहे. जुन्या यादीवरून नोटिसा निघतात. यादीतला एक माणूस वारलेला, एक दुबईला, एकाने आता चहाची टपरी टाकलेली. ज्याच्यावर खरी नजर हवी तो पोरगा यादी झाली तेव्हा सातवीत होता.

अफवांचं काय करायचं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्याआधी किती दिवस मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलण्याची मर्यादा आणली. क्लार्कचा पहिला धडा: कष्ट वाढवा. खोटं पसरवणाऱ्याला ते थांबवत नाही, दमवतं, आणि तेवढ्यात खरी माहिती पोचायला वेळ मिळतो.

इंटरनेट बंद करणं मला पटत नाही. अफवा तोंडीही पळते, पण ती खोडून काढणारा माणूस मात्र मुका होतो. राईनपाड्यात हवा होता तो बाजारात उभा राहून 'या लोकांना मी ओळखतो' म्हणणारा एक जण.

सीसीटीव्ही लावले की झालं ना?

नंतर ओळख पटवायला उत्तम. आधी रोखायला बेताचे, कारण तोंडाला रुमाल बांधायला दोन सेकंद लागतात.

इथे रोखलं तर दंगल दुसरीकडे सरकणार नाही?

चोरीबद्दलही हीच शंका घेतली जाते. अनुभव असा की गुन्हा सगळाच्या सगळा सहसा सरकत नाही, आणि कधीकधी शेजारच्या भागालाही फायदा होतो. दंगलीत तर बरंचसं त्या जागेशी आणि त्या क्षणाशी बांधलेलं असतं. मशिदीसमोर वायरीखाली न झालेलं भांडण पुढे तलावावर जाऊन होत नाही. ठरवून घडवलेल्या दंगलीचं तसं नाही. ती जागा बदलते.

चेंगराचेंगरीही यातच येते का?

कायद्याने नाही, जागेच्या अभ्यासाने येते. २५ जानेवारी २००५ ला सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास तीनशे भाविक गेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं. घसरण्यातून रेटारेटी झाली, आणि मग संतापलेल्या लोकांनी दुकानं पेटवली. अपघाताचं बेबंदशाहीत रूपांतर किती पटकन होतं, त्याचं याहून भयंकर उदाहरण माझ्या माहितीत नाही. निसरडी पायरी आणि झोळ पडलेली वायर एकाच वहीत लिहायला हव्यात.

हे सगळं वरवरचं नाही का? बेकारी, द्वेष, राजकारण यांचं काय?

आक्षेप खरा आहे. विटा उचलल्याने मनातलं विष उतरत नाही. आणि जिथे दंगल घडवण्यात कुणाचा हिशोब असतो, वरून आदेश येत नाही म्हणून पोलीस हातावर हात ठेवून बसतात, तिथे हा सिद्धांत पांगळा आहे. कारण राखणदार गैरहजर का, हे तो विचारत नाही. तरी मूळ कारणं सुटेपर्यंत वायर तशीच लोंबू द्यायची, हे मला कधी पटलेलं नाही.

मी साधा माणूस. मी काय करू शकतो?

शांतता समितीची बैठक असेल तेव्हा जा. आमंत्रण लागतं असं वाटतं, पण एरवी कुणी अडवत नाही, खुर्च्या रिकाम्याच असतात. पुढच्या रांगेत बसू नका, तिथे सत्कार चालतात. मागे दाराशी, हातात डायरी घेऊन, तुमच्या बीटचा हवालदार उभा असेल. भाषणं चालू असतानाच त्याला हळूच विचारा, "मिरवणूक दरवर्षी कुठं अडकते हो?" आणि त्याच्याबरोबर तिथवर चालत जा.